ते एक मत माझंच

कुलसचिवांचं पत्र भूगोल विभागात पोचलं तेव्हा सगळा विभाग जागेवर हजर होता. सगळा म्हणजे दोघे. एक टेबल खिडकीपाशी, एक दारापाशी, आणि मधल्या कपाटावर पृथ्वीचा एक गोल, ज्याचा दक्षिण ध्रुव कधीच निखळून हरवला होता. खिडकीपाशी बसणारे सर बुटके आणि आडव्या अंगाचे, दारापाशी बसणारे उंच आणि काटकुळे. विद्यार्थ्यांनी त्यांना अक्षांश आणि रेखांश अशी नावं ठेवली होती, आणि ती इतकी चपखल बसली होती की कुलसचिवांच्या तोंडूनही चुकून तीच निघत.

अक्षांश आणि रेखांश गेली नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण म्हटलं तर काहीच नाही, म्हटलं तर खिडकी. अक्षांश सरांना ती बंद लागे, कारण उत्तरपत्रिका उडत. रेखांश सरांना ती उघडी लागे, कारण त्यांचा जीव गुदमरे. एके दिवशी दोघांनी एकाच वेळी एकाच कडीला हात घातला, तोंडाला येईल ते बोलले आणि मग बोलायचेच थांबले. तेव्हापासून खिडकी अर्धी उघडी असे आणि दोघेही अर्धे नाराज असत. जे काही सांगायचं ते शिपाईमामांमार्फत.

म्हणून पत्रही मामांनीच मोठ्याने वाचलं. विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात भूगोल सुरू होणार होता. ते आवार शहराबाहेर, दोन बस बदलून जायचं. दोघांपैकी एकाची तिकडे बदली व्हायची होती. कोणाची, ते दोघांनी आपसात चर्चा करून महिन्याभरात कळवावं. न कळवल्यास सेवेने कनिष्ठ असेल तो जाईल.

"मामा, सरांना विचारा, ते जातात का म्हणून," अक्षांश सर म्हणाले.

मामा दोन पावलं चालून दारापाशी गेले. "सर, सर विचारतायत, तुम्ही जाता का?"

"नाही म्हणावं. दोन दोन बस म्हणजे माझी पाठ कामातून जाईल."

मामा दोन पावलं परत आले. "सर, ते नाही म्हणतात. त्यांची पाठ..."

"ऐकलं मी. माझंही नाहीच, म्हणून सांगा."

"त्यांनीपण ऐकलं, सर," असं म्हणून मामा मधल्या स्टुलावर बसले आणि गुडघे चोळायला लागले. आपसातली चर्चा संपली.

अक्षांश सर अकरा दिवसांनी कनिष्ठ होते. त्या दिवशी घरी जाताना त्यांना रस्ता नीट दिसत नव्हता. प्रश्न बसचा नव्हता. प्रश्न दुपारी एक वाजण्याचा होता.

सरांच्या आईला चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी ती घरात पडली. हाड जुळलं, पण डोक्यातली माणसं इकडची तिकडे झाली. सुनेला ती दवाखान्यातली नर्स समजे आणि तिने घास पुढे केला की दातावर दात घट्ट धरून बसे. जेवू घालायला म्हणून ठेवलेल्या तीन बायका आठ-आठ दिवसांत हात टेकून गेल्या. मुलाला मात्र ती आपल्या शाळेतले मास्तर समजे, आणि मास्तरांपुढे तिचं काही चालत नसे. सकाळ-संध्याकाळ सर घरीच असत. दुपारी मात्र बायको बँकेत, किल्ली शेजारच्या काकूंकडे, आणि सर पाऊण वाजता विद्यापीठातून निघून दहा मिनिटांत घरी. हातात पट्टी घेऊन ते आईसमोर बसत आणि दरडावत, "डबा संपल्याशिवाय सुट्टी नाही!" आई घाबरून जेवायची. ज्या बाईने आपल्याला कधी चापट मारली नाही तिला रोज घाबरवायचं, यात सुख कसलं? पण ती जेवत होती.

"मग संघटनेला उभे राहा ना," बायको म्हणाली. "तुमच्या त्या प्रतिनिधींची बदली करता येत नाही, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात."

ते खरं होतं. प्राध्यापक संघटनेच्या नियमावलीत तसं कलमच होतं, चौदावं. प्रत्येक मजल्याचा एक प्रतिनिधी, तीन वर्षांसाठी. दुसऱ्या मजल्याची जागा तीन वर्षं रिकामी होती, कारण प्रतिनिधीला सभांना जावं लागे आणि सभांमध्ये इतर प्रतिनिधी बोलत. अक्षांश सरांनी अर्ज भरला तेव्हा निवडणूक अधिकारी असलेले ग्रंथपाल चकित झाले. हे गृहस्थ तीस वर्षं वाचनालयात काढल्यामुळे सगळीकडेच कुजबुजत बोलत. "स्वखुशीने?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मजल्यावर मतदार नऊ. स्वतः सर आणि रेखांश सोडले तर उरले सात. सातही जणांनी एका दमात सांगितलं, सर, तुमच्याशिवाय आहे कोण? बिनविरोधच समजा.

या बिनविरोधानेच घात केला. कारण मतदान झालं तर त्या मजल्याला दुपारनंतर सुट्टी मिळे. बिनविरोध निवड झाली तर नुसतं एक परिपत्रक निघे. हे इतिहासाच्या मॅडमच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते बाकीच्या सहांच्या लक्षात आणून दिलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, पाच वाजायला दहा मिनिटं असताना, दुसरा अर्ज आला. रेखांश सरांचा.

"मामा, सरांना सांगा, असला दगा शत्रूसुद्धा देत नाही," अक्षांश सर म्हणाले. मामा स्टुलावरून उठलेच नाहीत. रेखांश सर नकाशात डोकं खुपसून बसून राहिले.

तो आठवडा पेपर तपासणीचा होता. पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना सक्तीचा, म्हणून तो सगळ्या विषयांच्या मास्तरांनी एका हॉलमध्ये बसून तपासायचा आणि एकाचा गठ्ठा दुसऱ्याने फेरतपासायचा, अशी वर्षानुवर्षांची रीत होती. त्यामुळे कोण बरोबरची खूण कशी करतं, हे प्रत्येकाला पाठ होतं. गणिताच्या मॅडमची खूण मुंगीएवढी. रसायनवाले सर कागद फाटेपर्यंत पेन दाबत. इतिहासाच्या मॅडम खुणेचं शेपूट मागे वळवत, दिलेला गुण परत घ्यावा की काय, असं वाटून. अक्षांश सरांची खूण ठेंगणी आणि रुंद. रेखांश सरांची लांबलचक, तिरकी, आणि वर पोचली की शेवटी एक टिंब.

अक्षांश सर गठ्ठ्यामागून गठ्ठा फिरत हात जोडत होते. कोणी आईचं नाव काढलं तर त्यांना आवडलं नसतं, म्हणून ते स्वतःही काढत नव्हते. नुसतं म्हणत, "लक्ष असू द्या."

"सर, लाजवू नका," रसायनवाले म्हणाले. "मत तुम्हालाच. अहो, सगळे तुम्हालाच देणार आहेत. उलट त्या बिचाऱ्या रेखांशचंच वाईट वाटतं मला. आम्ही उभं केलं त्यांना, आणि शून्य मतं मिळायची."

हेच वाक्य कमीअधिक फरकाने अक्षांश सरांनी सात वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्यांचं काळीज थोडं हलकं झालं.

मतदानाच्या दिवशी ते वाचनालयातल्या पडद्याआड गेले. हातात मतपत्रिका, दोन नावं, पसंतीच्या नावापुढे बरोबरची खूण करायची. सात मतं खिशात होती. आणि काय झालं कोण जाणे, त्यांना दारापाशी बसलेला तो काटकुळा माणूस आठवला. एकोणीस वर्षं एका खोलीत काढली होती. शून्य म्हणजे फार होतं. चारचौघांत शून्य मिळालेला माणूस मग रोज समोर बसणार. शिवाय स्वतःच्याच नावापुढे बरोबरची खूण करायची, हे एका परीक्षकाच्या हाताला जमेना. त्यांनी एक निःश्वास टाकला आणि रेखांश सरांच्या नावापुढे खूण केली. असं उदार वाटायचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात फारसा आला नव्हता.

मतमोजणी एक वाजता होती आणि एक वाजता आईचं जेवण. ते घरी गेले. त्या दिवशी पट्टी त्यांनी जरा हळूच आपटली. "आता रोज मीच येणार हं शिकवायला," ते म्हणाले. आईने घाईघाईने घास गिळला.

दोन वाजता ते परतले तेव्हा फळ्यावर निकाल लागला होता. रेखांश आठ. अक्षांश एक.

ग्रंथपालांनी त्यांच्या कानाशी येऊन तो वाचूनही दाखवला. मजला रिकामा होता. सगळे सुट्टीवर गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले आले रसायनवाले. त्यांनी दार लावून घेतलं, सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सर, जग फार वाईट आहे. पण एक सांगतो, ते एक मत माझंच."

ते एक मत आपलं स्वतःचं नाही, हे अक्षांश सरांना पक्कं माहीत होतं. म्हणजे आठांमध्ये एक तरी माणूस निघाला. "तुमचे उपकार विसरणार नाही," ते म्हणाले.

अर्ध्या तासाने गणिताच्या मॅडम आल्या. "सर, कोणाला सांगू नका, पण ते एक मत माझंच होतं." मग इतिहासाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी डोळे पुसले. जेवणाच्या आधी दोघे, जेवणानंतर दोघे. संध्याकाळपर्यंत त्या एका मताचे सात मालक झाले, आणि सरांनी सातही जणांचे आभार मानले. शेवटच्याचे मानताना त्यांचे दात आवळलेले होते.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"आणि तुमचं मत कोणाला गेलं?"

सर पट्टी कपाटात ठेवायला वळले.

"अहो, मी काय विचारतेय? तुम्ही त्यांना दिलंत?"

"त्याला शून्य मिळालं असतं गं."

बायको बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. "मी काही बोलत नाही," ती म्हणाली आणि खरोखरच तीन दिवस बोलली नाही.

यावर पडदा पडायला हरकत नव्हती. पण चहाच्या खोलीत, सगळे असताना, इतिहासाच्या मॅडम सरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मी निदान माझं एक मत तरी दिलं होतं. बाकीच्यांच्या मनाचं काय सांगावं?"

"तुमचं?" रसायनवाल्यांनी कप खाली ठेवला. "ते माझं होतं, मॅडम."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही म्हणालो. पण एकच मत आहे आणि ते मी दिलंय!"

"एक मिनिट," गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "ते मी दिलंय."

पाहता पाहता सातही जण उभे राहिले. आता मागे हटणं म्हणजे आपण खोटारडे असल्याचं चहाच्या खोलीत कबूल करणं. कोणीच हटलं नाही. शेवटी गणिताच्या मॅडमनी त्यातून सगळ्यांच्या अब्रूची वाट काढली. "आपण सातही जणांनी सरांना मत दिलंय. मग सरांची मतं सात व्हायला हवीत. फळ्यावर आहे एक. याचा अर्थ मोजणीत घोटाळा आहे."

सगळ्यांना हायसं वाटलं. पाच मिनिटांत अर्ज तयार झाला. आम्ही खाली सही करणारे सातही जण प्रतिज्ञेवर सांगतो की आमचं मत अक्षांश सरांना होतं, सबब मतपत्रिकांचं मोहोरबंद पाकीट फोडून फेरमोजणी व्हावी. पहिली सही रसायनवाल्यांची, कागद फाटेल अशी.

वेडेपणा असा की अक्षांश सरांना पुन्हा आशा वाटायला लागली. सात जण लेखी खोटं कशाला बोलतील? ग्रंथपालांना चष्मा बदलायला झालाच होता. बदलीचा हुकूम सोमवारनंतर कधीही निघाला असता. सोमवारी सकाळी फेरमोजणी. रविवारी दुपारी त्यांनी आईला जेवू घालताना मनातल्या मनात पुढच्या तीन वर्षांच्या दुपारी मोजल्या.

सोमवारी दहा वाजता वाचनालयात नऊही मतदार जमले. ग्रंथपालांनी कात्रीने पाकीट कापलं आणि नऊ चिठ्ठ्या लांब टेबलावर एका रांगेत मांडल्या.

बोलायची गरजच नव्हती. रेखांश सरांच्या नावापुढे एक मुंगीएवढी खूण होती. शेजारच्या चिठ्ठीवर कागद फाटला होता. तिसरीवर शेपूट मागे वळलं होतं. वीस-वीस वर्षं एकमेकांचे गठ्ठे फेरतपासलेली माणसं ती. प्रत्येकाने आपली खूण पाहिली, मग दुसऱ्याची पाहिली, मग प्रत्येकजण छताकडे बघू लागला. सात खुणांनंतर आठवी, ठेंगणी आणि रुंद.

"सर," रसायनवाले हळूच म्हणाले, "ही तर तुमची."

अक्षांश सरांचे कान तापले. पण त्यांचं लक्ष नवव्या चिठ्ठीकडे होतं. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे एक लांबलचक, तिरकी खूण वर गेली होती. शेवटी एक टिंब.

त्यांनी मान वर केली. रेखांश सर कपाटाला पाठ टेकून उभे होते, दुखते म्हणून.

"आम्हाला वाटलं, सर, तुम्ही निवडून आलातच," इतिहासाच्या मॅडम पुटपुटल्या. "रेखांश सरांना अगदीच शून्य नको म्हणून..." बाकीच्या सहांनी माना डोलावल्या. सातही जणांच्या मनात तीच एक दया उपजली होती आणि प्रत्येकाला वाटलं होतं, ती आपल्या एकट्याचीच.

"गंमत म्हणजे," गणिताच्या मॅडमना राहवेना, "या दोघांनी स्वतःलाच मत दिलं असतं, तरी निकाल आठ-एकच लागला असता."

अक्षांश सरांनी सवयीने मामांना शोधलं. मामा वाचनालयात नव्हते. शेवटी ते सरळच म्हणाले, "तुम्ही मला का दिलंत?"

नऊ वर्षांनी आलेला प्रश्न रेखांश सरांना पचायला वेळ लागला. "दोन वर्षं ऐकतोय मी. पाऊण वाजता तुम्ही निघता. एखाद्या दिवशी उशीर झाला की शेजारच्या काकूंचा फोन येतो आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून बोलता. बोलणं बंद होतं आपलं, माझे कान नाही. माझी पाठ काय, तिकडेही दुखेल."

"मग मी विचारलं तेव्हा जातो म्हणायचं होतंत!"

"तुम्ही मला विचारलंत कुठे? तुम्ही मामांना विचारलंत." मग ते म्हणाले, "आणि यांनी सुट्टीसाठी गळ घातली म्हणून उभा राहिलो. पडणारच होतो. मी आत्ता बदली मागून घेतो, झालं."

ग्रंथपालांनी नियमावली उघडली आणि कुजबुजले, "कलम चौदा. प्रतिनिधीची बदली, त्याने स्वतः मागितली तरीही, मुदत संपेपर्यंत करता येणार नाही."

"मग राजीनामा देतो."

"तो वार्षिक सभेत मंजूर होतो. सभा नुकतीच झाली."

ज्या कलमासाठी अक्षांश सरांनी महिनाभर हात जोडले होते ते अखेर पूर्ण ताकदीनिशी लागू झालं होतं. सातही जण एकेक करून तासाला निघून गेले. तास कोणाचाच नव्हता. टेबलापाशी दोघे राहिले. रेखांश सर चिठ्ठ्या गोळा करत होते.

"घराची किल्ली शेजारीच असते ना?" त्यांनी विचारलं.

बदलीचा हुकूम गुरुवारी आला. पुढच्या सोमवारी अक्षांश सर दोन बस बदलून तिकडे पोचले. तिकडच्या भूगोल विभागाला खिडकीच नव्हती. एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा. पाऊण वाजता ते सवयीने उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. एक वाजला. सव्वा झाला. त्यांनी फोन समोर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. आईचे घट्ट आवळलेले दात त्यांना दिसत होते.

दीडला फोन वाजला.

"जेवल्या," रेखांश सर म्हणाले. "सगळं संपवलं."

सरांनी खुर्चीचा हात धरला. "पट्टी घ्यावी लागली?"

"पट्टी कशाला? खिडकी उघडली. बाहेर बघत बघत जेवल्या. भात मागून घेतला दुसऱ्यांदा."

"मागून घेतला?" दोन वर्षांत आईने काही मागितलं नव्हतं. सरांना आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी झालं, ज्याला नाव देणं त्यांना आवडलं नाही. "माझी... म्हणजे मास्तर कुठे गेले, असं काही विचारलं का?"

"विचारलं. बदली झाली म्हणून सांगितलं."

"मग?"

"जाऊ द्या हो, सर."

"सांगा तुम्ही."

"म्हणाल्या, बरं झालं. फार ओरडायचे."

सरांनी फोन ठेवला. मग त्यांनी पिशवीतून आपला डबा काढला आणि उघडला. भूक अजिबात नव्हती. समोर कोणी मास्तर नव्हते, पट्टी नव्हती. तरी त्यांनी तो मान खाली घालून, शेवटच्या घासापर्यंत संपवला.